उडवार-हाझी सेंटर, व्हर्जिनिया: ब्लॅकबर्डसाठी जा, पण ते उडवणाऱ्यांची नावंही वाचा

व्हर्जिनियात हर्नडन, अ‍ॅशबर्न, शँटिली या पट्ट्यात आपली मंडळी एवढी झालीयत की भारतातून आई-बाबा आले की त्यांना कुठं फिरवायचं ही यादी सगळ्यांची सारखीच असते. व्हाइट हाउस बाहेरून, लिंकनचा पुतळा, लुरेच्या गुहा, आणि मग पाऊस असेल किंवा उकाडा असेल त्या दिवशी "ते डलेस विमानतळाजवळचं विमानांचं म्युझियम". म्हणजे स्मिथसोनियनचं स्टीवन एफ. उडवार-हाझी सेंटर. बहुतेक लोक तिथं दीड तासात स्पेस शटल बघून, फोटो काढून, गिफ्ट शॉपमध्ये पोरांशी भांडून परत येतात आणि रिव्ह्यू टाकतात, "मस्त आहे, फ्री आहे, पार्किंगचे १५ डॉलर." हे सगळं खरंच आहे पण मला त्यातल्या एकाच विमानाबद्दल आणि ते उडवणाऱ्या माणसांबद्दल जरा जास्त लिहायचंय, त्यामुळे लांबलचक होणारे, ज्यांना फक्त टायमिंग हवंय त्यांनी सरळ खाली जा.

आधी स्टार देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आत शिरलात की तुम्ही वरच्या मजल्यावर असता, कठड्यापाशी येता आणि एकदम समोर खाली, नाक तुमच्याकडे करून, एसआर-७१ ब्लॅकबर्ड, अमेरिकन एअरफोर्सचं टेहळणी विमान. काळंकुट्ट, चपटं, लांब. त्याच्या मागे पार टोकाला स्पेस हँगरमध्ये डिस्कव्हरी शटल दिसतं आणि तिथंच सगळ्यांचा घोटाळा होतो कारण पोरं "शटल! शटल!" करत पळत सुटतात आणि मोठी माणसं त्यांच्या मागे, आणि ब्लॅकबर्ड वाटेत लागतं म्हणून एक सेल्फी. ज्याने हा मांडणीचा विचार केला त्याला मात्र मनापासून दाद, कारण या विमानाचा आकार समोरून आणि थोडा वरून बघितल्याशिवाय कळतच नाही. बाजूने बघितलं तर नुसता लांब बाण. वरून बघा मग कळतं की पंख आणि धड वेगळं असं नाहीचे, सगळं एकातून एक निघालंय.

आता हे जे विमान आहे त्याचा नंबर ९७२, शेपटीवर १७९७२ लिहिलेलं दिसेल. हे काही कुठलंतरी रिटायर केलेलं एक आणून ठेवलंय असं नाही. १ सप्टेंबर १९७४ ला न्यूयॉर्क ते लंडन १ तास ५४ मिनिटं ५६ सेकंदात गेलं ते हेच. त्यानंतर बाराच दिवसांनी लंडनहून लॉस एंजेलिसला पावणेचार तासात परत आलं तेही हेच. आणि ६ मार्च १९९० ला लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला ६४ मिनिटं २० सेकंदात आलं, इथंच डलेसला उतरलं, आणि विमान तिथल्या तिथं म्युझियमच्या ताब्यात दिलं. म्हणजे हे एक्झिबिट ट्रकवरून नाही आलं, ध्वनीच्या तिपटीने उडत स्वतःच्या पायांनी म्युझियममध्ये दाखल झालं. अशी एंट्री जगात दुसऱ्या कुठल्या म्युझियमच्या वस्तूने घेतली असेल असं मला तरी वाटत नाही.

६४ मिनिटं. मुंबई-नागपूर विमानाचं अंतर या वेगाने साधारण बारा मिनिटांचं होतं, म्हणजे पायलट "नमस्कार, मी आपला कॅप्टन" म्हणून हवामान सांगून संपवेपर्यंत वर्धा मागे पडलेलं.

हे सगळं पाटीवर आहे. वैमानिकाचं नावही आहे, लेफ्टनंट कर्नल एड यिल्डिंग, आणि मागच्या सीटवर लेफ्टनंट कर्नल जोसेफ व्हिडा, ज्यांना सगळे जे. टी. म्हणायचे. पण नाव आणि तारीख, संपलं. विमान किती लांब, किती उंच, किती वजनाचं, पंख किती, सगळं व्यवस्थित आणि ज्याने ते उडवलं त्याच्या वाट्याला एका वाक्यातला अर्धा भाग. माझा अर्धा स्टार इथं गेला. म्युझियम विमानांचं आहे, माणसांचं नाही, हे मान्य, पण इथं येऊन माणूस घरी जातो तो "केवढं फास्ट होतं ना" एवढंच घेऊन, आणि हे विमान फास्ट होतं ही खरं तर त्यातली सगळ्यात कमी इंटरेस्टिंग गोष्ट आहे असं माझं मत आहे.

सांगतो का ते.

यिल्डिंग अलाबामातल्या फ्लोरेन्स नावाच्या गावचे, ऑबर्न युनिव्हर्सिटीत शिकलेले. एअरफोर्समध्ये आल्यावर ब्लॅकबर्डच्या आधी फँटम या लढाऊ विमानाचं फोटोवालं व्हर्जन, आरएफ-४सी, हे उडवलं. या विमानाच्या नाकात तोफ नाही, कॅमेरे. शत्रूच्या डोक्यावरून जायचं, तेही बऱ्याचदा कमी उंचीवरून, आणि हातात काही नाही. लढाऊ पायलटला निदान उलटं मारता येतं. टेहळणीवाल्याचं काम म्हणजे जा, बघ, आण. आणलं नाही तर गेलास कशाला. एवढ्या वर्षांच्या अशा नोकरीनंतर ब्लॅकबर्डसाठी निवड, तिथं जपानमधल्या ओकिनावाच्या कडेना तळावरून आणि इंग्लंडच्या मिल्डेनहॉलमधून मिशन्स, आणि मग पामडेलला टेस्ट पायलट. एकाच माणसाच्या करिअरमध्ये हे दोन्ही, टेहळणी आणि टेस्टिंग, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन्ही म्हणजे थरार, पण नीट बघितलं तर दोन्हीचा गाभा एकच आहे, ठरवलेल्या रेषेवरून तसूभर न हलता जायचं आणि जे दिसलं ते जसंच्या तसं परत आणून द्यायचं. एकात फिल्म आणायची, दुसऱ्यात आकडे. दोन्हीत हिरोगिरी केली की काम बिघडतं.

पामडेलचं काम तर बघा कसं. ही विमानं ठराविक काळाने मोठ्या मेंटेनन्ससाठी कॅलिफोर्नियात पामडेलला यायची, तिथं ती पूर्ण उघडायची, तपासायची, नवीन उपकरणं बसवायची, परत जोडायची. मग ती उडवून बघायची कुणी? ज्यात परवा हजारो पार्ट काढून घातलेत असं विमान ८० हजार फुटांवर मॅक ३ ला, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेगाला, घेऊन जायचं आणि प्रत्येक सिस्टिम चालू-बंद करून बघायची आणि खाली येऊन लिहून द्यायचं की हे ठीक, हे नाही. कुणी टाळ्या वाजवत नाही. रेकॉर्ड नाही. आणि ते ६४ मिनिटांचं फ्लाइट अशाच माणसाकडे गेलं, शोमनकडे नाही, हे मला फार आवडलं.

आमच्या बाबांनी तिथल्या एका व्हॉलंटियर आजोबांना पकडलं (इथं फुकट गाइडेड टूर असतात आणि त्या देणारे बरेचसे रिटायर्ड एअरफोर्स किंवा विमान इंडस्ट्रीतले असतात, त्या टूर अजिबात सोडू नका, हा या सगळ्या रिव्ह्यूतला सगळ्यात कामाचा सल्ला). बाबा एसटी वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, त्यांना वेगाबिगाचं काही नाही, त्यांचा पहिला प्रश्न, "एवढं तापत असेल तर डिझेलची टाकी फुटत नाही का?" मी भाषांतर केलं. आजोबा खूश झाले एकदम. म्हणाले की बरोबर जागी बोट ठेवलंत. कारण या विमानाची टाकी जमिनीवर गळायची! विमान हवेत तापून फुगायचं, त्यासाठी पत्र्यांच्या जोडांना जागा ठेवावी लागायची आणि सीलंट कितीही लावा, उष्णतेने त्याची वाट लागायची, म्हणून जमिनीवर उभं असताना पोटाखाली थेंब थेंब इंधन. पण ते इंधन, जेपी-७, साध्या काडीने सहज पेट घेत नाही. इतकं शांत की इंजिन सुरू करायलाच वेगळं रसायन टोचावं लागायचं, ट्रायएथिल बोरेन, जे हवा लागली की स्वतःच पेटतं, हिरवी ज्वाला. प्रत्येक इंजिनामागे ते साधारण सोळा वेळा पुरेल एवढंच. म्हणजे पायलटला हवेत हिशोब ठेवायचा, किती वेळा इंजिन किंवा आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारा मागचा भाग) पेटवला आणि किती उरले. बाबा म्हणाले, "म्हणजे काडेपेटीत काड्या मोजून." बास, त्यांना विमान समजलं.

आणि टायटॅनियम. जवळपास सगळं विमान त्याचं, कारण अ‍ॅल्युमिनियम त्या उष्णतेला टिकत नाही. आणि ते टायटॅनियम बऱ्याच प्रमाणात आलं सोव्हिएत युनियनकडून, मधल्या कंपन्यांच्या नावावर खरेदी करून. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याकडूनच पत्रा. हे ऐकून आई पण हसली जी तोपर्यंत बाक शोधत होती.

पायलटच्या दिवसाबद्दल थोडं. उड्डाणाआधी प्रोटीनवालं जेवण, स्टेक आणि अंडी, कारण नंतर तासनतास त्या सूटमध्ये अडकून पडायचंय. मग मेडिकल, मग दोन-तीन माणसं मिळून तुम्हाला प्रेशर सूट चढवणार, जवळपास अंतराळवीरासारखाच, आणि शुद्ध ऑक्सिजन सुरू, रक्तातला नायट्रोजन काढायला. वर खायचं तर ट्यूबमधून, हेल्मेटच्या भोकातून. काच एवढी गरम की ट्यूब तिला टेकवून धरली की जेवण गरम. बाहेर उणे पन्नास-साठ आणि विमानाचं कातडं दोन-तीनशे डिग्री सेल्सिअस. आणि मागे बसलेला आरएसओ, म्हणजे कॅमेरे, रडार, नेव्हिगेशन आणि शत्रूच्या मिसाइलला चकवायची यंत्रं सांभाळणारा अधिकारी. या विमानाला दिवसाढवळ्यासुद्धा तारे बघून आपण कुठं आहोत ते काढणारी यंत्रणा होती. जीपीएसच्या आधीची गोष्ट आहे ही. जे. टी. व्हिडा यांच्या नावावर एसआर-७१ मधले सगळ्यात जास्त तास आहेत, १,३९२ च्या वर, आणि गंमत म्हणजे ते पायलट नाहीत. म्हणजे या विमानाशी सगळ्यात जास्त संसार केलेला माणूस मागच्या सीटवर होता. पाटीवर हे हवं होतं की नको?

१९९० चं ते फ्लाइट म्हणजे खरं तर निरोप समारंभ होता. एअरफोर्सने विमान बंद करायचं ठरवलं होतं, खर्च प्रचंड, आणि सॅटेलाइट आलेत ना मग कशाला. विमान म्युझियमला द्यायचंच आहे तर जाता जाता रेकॉर्ड तरी करू. पामडेलहून पहाटे अंधारात टेकऑफ, आधी उलट्या दिशेला पॅसिफिकवर, तिथं हवेतच टँकरकडून इंधन भरून घेतलं, मग वळून वेग घेत घेत किनारा ओलांडला आणि घड्याळ सुरू. पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ६७ मिनिटं ५४ सेकंद. मधले टप्पेपण मोजले, कॅन्सस सिटी ते वॉशिंग्टन २६ मिनिटांच्या आत, सेंट लुइस ते सिनसिनाटी साडेआठ मिनिटं. चार रेकॉर्ड एका सकाळी. पुढे समुद्र दिसला की परत वळून डलेस. लोक जमलेले. शेपटीमागचं पॅराशूट उघडलं, विमान थांबलं, सही करून चाव्या दिल्यासारखं देऊन टाकलं.

त्यावेळी सिनेटमध्ये जॉन ग्लेन होते, आपल्याला ते पहिले पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अमेरिकन म्हणून माहिती. त्यांनी सिनेटमध्ये बोलून दाखवलं की हे विमान बंद करणं ही गंभीर चूक आहे. आता लोक म्हणतील राजकारणी आहेत, बोलणारच. पण ग्लेन यांना या विषयात बोलायचा अधिकार होता तो अंतराळामुळे नाही. ते स्वतः पॅटक्सेंट रिव्हर या अमेरिकन नौदलाच्या चाचणी तळावरचे टेस्ट पायलट, आणि १६ जुलै १९५७ ला त्यांनी क्रुसेडर विमानाच्या फोटो-टेहळणी व्हर्जनमधून कॅलिफोर्निया ते न्यूयॉर्क ३ तास २३ मिनिटांत पार केलं होतं, सरासरी वेग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त ठेवून देश ओलांडणारं ते पहिलं उड्डाण, आणि वाटेत कॅमेरा चालू, किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सलग फिल्म. म्हणजे जे काम ग्लेन यांनी ३ तास २३ मिनिटांत केलं ते तेहतीस वर्षांनी यिल्डिंग यांनी ६८ मिनिटांत केलं आणि आधीचा माणूस सिनेटमध्ये बसून बघत होता. ही साखळी म्युझियमने एका बोर्डावर लावली तर कसलं भारी होईल.

(विमान पूर्ण बंद झालं नाही लगेच, नव्वदच्या दशकात थोड्या दिवसांसाठी परत आणलं, आणि नासाने शेवटचं उडवलं १९९९ मध्ये. पण ते परत आणणं म्हणजे जीव नसलेलंच होतं.)

टेस्ट पायलटचं काम किती भयानक असू शकतं ते बघायचं तर बिल वीव्हर यांची गोष्ट वाचा, ब्लॅकबर्ड बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीचे टेस्ट पायलट. २५ जानेवारी १९६६, मॅक ३.१८, ७८ हजार फुटांच्या वर, वळण घेताना उजव्या इंजिनाच्या तोंडाशी हवेचा प्रवाह बिघडला. इंजिनाच्या पुढे तो जो शंकू दिसतो ना, जो म्युझियममध्ये हात लावता येईल इतका जवळ वाटतो, तो उड्डाणात मागेपुढे सरकतो, हवेचा धक्का बरोबर जागी धरून ठेवायला. ते गणित चुकलं की एका बाजूचा जोर एकदम जातो आणि विमान झटक्यात फिरतं. त्या दिवशी विमान हवेत फुटलं. वीव्हर यांनी इजेक्शनचा दांडा ओढलाच नव्हता, त्यांची सीट विमानातून निघालीच नाही, विमानच त्यांच्याभोवतीचं गळून पडलं. सूट फुगला म्हणून जगले, पॅराशूट उघडलं, न्यू मेक्सिकोत एका रँचवर उतरले, आणि रँचवाल्याचं स्वतःचं हेलिकॉप्टर होतं तो घ्यायला आला. मागच्या सीटवरचे जिम झ्वेयर मात्र गेले.

दोन आठवड्यांनी वीव्हर परत एसआर-७१ मध्ये, नवं कोरं विमान, पहिलंच उड्डाण. टेकऑफ झाल्यावर मागून घाबरलेला आवाज, बिल, बिल, आहेस ना? का तर मागच्या पॅनेलवर लाल दिवा लागलेला, "पायलट बाहेर उडाला" असं सांगणारा. एक स्विच नीट बसवला नव्हता म्हणून. मागच्या इंजिनिअरची काय अवस्था झाली असेल, दोन आठवड्यांपूर्वी जो माणूस विमानातून उडाला होता त्याच्याच मागे बसलोय आणि दिवा सांगतोय की गेला परत.

ब्लॅकबर्डपुरतं थांबू नका, टेहळणीवाले आणि टेस्टवाले, याच दोन जातींच्या पायलटांच्या खुणा इथं सगळीकडे आहेत फक्त शोधाव्या लागतात. पी-३८ लायटनिंग आहे, दोन शेपट्यांचं, त्याच्यापाशी सगळे "दुसऱ्या महायुद्धातलं" म्हणून पुढे जातात. तेच विमान एप्रिल १९४५ मध्ये रिचर्ड बाँग, अमेरिकेचे सगळ्यात जास्त विमानं पाडणारे पायलट, राइट फील्ड या तळावर टेस्ट करत होते, एका नव्या कंट्रोलची चाचणी, आणि चाचणी सुरू व्हायच्या आधीच उजवं इंजिन हवेत फुटलं. त्यातून उतरवलं. पुढे काही महिन्यांतच, ऑगस्ट १९४५ मध्ये, ते एक जेट विमान टेस्ट करताना गेले, हिरोशिमाच्याच दिवशी. आणि हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं एनोला गे याच हँगरमध्ये. हे लक्षात आलं तेव्हा जरा वेळ काही बोलावंसं वाटलं नाही.

मग आराडो २३४, जर्मन जेट, जगात उरलेलं एकमेव. इथलं बाँबर प्रकारातलं आहे पण याच जातीच्या प्रोटोटाइपने २ ऑगस्ट १९४४ ला एरिक झोमर नॉर्मंडीवर गेले आणि जगातलं पहिलं जेट टेहळणी उड्डाण झालं. साध्या विमानांना जे जमत नव्हतं ते एका फेरीत, कुणी गाठूच शकलं नाही. वेग हेच चिलखत ही जी कल्पना आहे ना, ब्लॅकबर्डची, तिची सुरुवात त्या कोपऱ्यातल्या छोट्या विमानात आहे. दोघांमध्ये चालत दोन मिनिटांचं अंतर. आणि बोइंगचं डॅश ८०, पिवळं-तपकिरी, ज्यातून पुढे ७०७ हे प्रवासी विमान आलं. १९५५ मध्ये टेस्ट पायलट टेक्स जॉन्स्टन यांनी सिएटलच्या तळ्यावर लोकांसमोर हे अख्खं चार इंजिनांचं विमान आडवं गोल फिरवलं होतं. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही, पण टेस्ट पायलट म्हणजे असा, ही समजूतही त्यातूनच झालीय.

या धंद्यात नाव कुणाचं होतं माहितीय? जो सापडतो त्याचं. फ्रान्सिस गॅरी पॉवर्स, यू-२ हे हेरगिरीचं विमान घेऊन १ मे १९६० ला रशियावर पडले, जगभर नाव, तुरुंग, बर्लिनजवळच्या पुलावर अदलाबदल. पुढे ते लॉकहीडचे टेस्ट पायलट होते हे कुणाला माहितीच नसतं. जे रोज गेले आणि रोज परत आले ते कोण होते?

आपलंच बघा. विंग कमांडर जगमोहन नाथ. भारतीय हवाई दलाच्या १०६ स्क्वाड्रनचं कॅनबेरा विमान घेऊन १९६० ते ६२ मध्ये अक्साई चीन आणि तिबेटवर एकामागून एक टेहळणी उड्डाणं केली, चीनची जमवाजमव फोटोत आणून दिली. १९६५ ला परत पाकिस्तानवर. दोन वेळा महावीर चक्र, असं दोनदा मिळणारे पहिले. नंतर एअर इंडियात गेले, मुंबईत राहिले, २०२३ मध्ये वारले. मुंबईत किती जणांना त्यांचं नाव माहिती होतं? आणि ब्लॅकबर्ड बघून ज्यांना वाटतं की हे फक्त अमेरिकेचंच, त्यांना सांगा की १९८१ पासून २००६ पर्यंत आपल्याकडे बरेलीला मिग-२५ विमानं होती, १०२ स्क्वाड्रन, नावच ट्रायसॉनिक्स. कामही तेच, उंच, वेगात, फोटो. एक पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये ठेवलंय, दिल्लीला गेलात तर बघा.

आता कामाच्या गोष्टी. प्रवेश फुकट, पार्किंग गाडीला १५ डॉलर, संध्याकाळी ४ नंतर पार्किंगपण फुकट पण म्युझियम साडेपाचला बंद, त्यामुळे १५ डॉलर वाचवायला ४ ला जाणं म्हणजे शुद्ध कंजूसपणा आहे आणि काही बघून होत नाही. हां, जवळच राहत असाल आणि फक्त एकाच विमानासमोर उभं राहायचं असेल तर मात्र ४ चीच वेळ बेस्ट, तेव्हा शाळांच्या सहली गेलेल्या असतात. वर्षात फक्त २५ डिसेंबरला बंद. दारात बॅगा तपासतात. चालणं भरपूर आहे, आई-बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर विचारा, आणि पोटभर खाऊनच जा. वर एक टॉवर आहे, तिथून डलेसवर उतरणारी विमानं दिसतात, लहान पोरांना शटलइतकंच ते आवडतं. वरच्या मजल्यावरून रिस्टोरेशन हँगर काचेतून बघता येतो, जिथं जुनी विमानं दुरुस्त करतात, बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

गाइड टूर मिळाली तर विचारा, ब्लॅकबर्डवर काम केलेलं कुणी आहे का आज. टॉम अ‍ॅलिसन नावाचे एसआर-७१ चे एक पायलट पुढे याच म्युझियममध्ये संग्रहाचे प्रमुख झाले होते, म्हणजे त्यांनी स्वतः उडवलेलं विमानच त्यांच्या ताब्यात. आता ते तुम्हाला भेटणार नाहीत, पण त्या जातीची माणसं अजून तिथं फिरत असतात, शर्टावर व्हॉलंटियरचा बिल्ला लावून, आणि कुणी काही विचारेपर्यंत गप्प उभी असतात. विचारा त्यांना. वेग विचारू नका, तो पाटीवर आहे.